कबुतरांची ज्वारी

माझ्या वडिलांच्या उजव्या पायाचा अंगठा कापला, त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी तो विषय निघाला की माझं डोकं तापतं. लोक म्हणतात, साखरेचा आजार, नशिबात होता. नशिबाला कशाला मध्ये आणता? तो आजार आमच्या घरी आम्हीच पाट मांडून बसवला आणि त्याला वर तूपही वाढलं.

आम्ही मूळचे मराठवाड्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. वडील नोकरीसाठी हैदराबादेत आले, काचीगुड्याजवळच्या एका लहानशा ऑफिसात चिकटले आणि विद्यानगरात आमचं बिऱ्हाड झालं. शेत धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या काकांकडे राहिलं. दरवर्षी सुगी आटोपली की काका काचीगुडा स्टेशनवर उतरायचे ते ज्वारीचं पोतं घेऊनच. मालदांडी ज्वारी, दाणा पांढरा, टपोरा. आई रोज भाकऱ्या थापायची. वडील दोन भाकऱ्या आणि अंबाडीची भाजी खाऊन ऑफिसला चालत जायचे, संध्याकाळी चालत परत यायचे. डॉक्टरचं तोंड त्यांनी सर्दीपुरतंच पाहिलं होतं.

गावी भात शिजायचा तो सणाला, नाहीतर आजाऱ्यासाठी. त्यामुळे वडिलांच्या लेखी भात म्हणजे माणूस वर आल्याची खूण. नव्वदीनंतर सगळीकडे पैसा खेळायला लागला, तसा त्यांचाही पगार वाढला. रंगीत टीव्ही आला, स्कूटर आली, फ्रिज आला आणि फ्रिजच्या दारात काळ्या गोड पाण्याची मोठी बाटली कायमची उभी राहिली. एकदा जेवता जेवता वडील म्हणाले, माझ्या बापानं वर्षातून चारदा भात पाहिला, माझी पोरं रोज खातील. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरी रोज सण. सकाळी इडली-डोसा, दुपारी भात, रात्री भात, तोही बारीक, पॉलिश केलेला. शेवटी पुन्हा दहीभात, कारण शेजारच्या तेलुगू काकूंच्या मते त्याशिवाय जेवण पुरं होत नाही. त्यांचं बरोबर असेल, पण त्या दिवसभर घरात राबायच्या आणि मूठभर खायच्या, हे वडिलांनी कधी बघितलं नाही. कोपऱ्यावर करी पॉइंट, म्हणजे तयार भाज्यांचं दुकान, निघालं होतं. तिथून भाजीच्या पिशव्या आणायलासुद्धा वडील स्कूटर काढायचे. कोपरा किती लांब, तर गॅलरीतून हाक मारली तर ऐकू जाईल एवढा.

भाकरी मात्र मी बंद पाडली. सगळ्यांवर राग काढायचा आणि हे लपवायचं, असं चालणार नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते. एक मैत्रीण वह्या घ्यायला घरी आली होती. आत आईचं भाकरी थापणं चाललं होतं, आवाज पार बाहेरच्या खोलीत येत होता. मैत्रिणीनं हसून विचारलं, "तुम लोगां जवारी की रोटी खाते क्या?" पुढे ती असंही म्हणाली की गावी तिची आजीही करते, तिला फार आवडते. मी फक्त तिचं हसणं ऐकलं. ती गेल्यावर मी आईशी कडाक्यानं भांडले. आपण काय खेड्यात राहतो का, माझ्या मैत्रिणी आल्यावर हे थप थप नको, असलं काहीबाही बोलले. आईनं वाद घातला नाही. तव्यापुढे घाम गाळण्यापेक्षा कुकर लावणं तिलाही सोपं होतं. तिचा मला राग येत नाही. माझा येतो.

भाकरी गेली तरी पोतं यायचंच. ते गॅलरीत पडून राहायचं, त्यात पोरकिडे व्हायचे. मग वडिलांनी तोड काढली. हैदराबादेत कबुतरांना ज्वारी टाकायची रीत आहे. चौकात विकणारे ज्वारीचे डबे भरून बसतात आणि लोक पुण्य म्हणून ती विकत घेऊन उधळतात. आमच्याकडे तर घरचीच होती. वडील दर रविवारी पिशवी भरून स्कूटरवर चौकात जायचे आणि पुण्य कमावून, येताना जिलबी घेऊन यायचे.

काका आले की त्यांना भात, पुरी, शिरा. एकदा त्यांनी भीतभीत भाकरी मागितली होती, तर आई म्हणाली, पाहुण्याला भाकरी वाढली तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणजे जो ज्वारी पिकवून आणत होता, त्याच्या ताटात तांदूळ आणि त्याची ज्वारी कबुतरांना. हे कोणालाच विचित्र वाटत नव्हतं.

त्या वर्षी वडिलांनी काकांनाही रविवारी चौकात नेलं, मोठ्या अभिमानानं. परत आल्यावर काका गॅलरीत येऊन बसले. मी कपडे वाळत घालत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, घरात कुणीच खात नाही का?

"काका, पुढच्या वर्षी पोतं आणू नका," मी म्हणाले. "इथं फक्त कबुतरंच खातात."

काकांनी मान हलवली. पुढच्या वर्षी पोतं आलं नाही आणि कोणी त्याची आठवणही काढली नाही. गॅलरीत जागा झाली म्हणून आम्हाला बरंच वाटलं.

वडिलांच्या पोटाचा घेर वाढत गेला, तो आम्ही सुखवस्तूपणा समजलो. साखर निघाली तेव्हा त्यांनी मोठ्या निग्रहानं चहातली साखर सोडली आणि येईल त्याला ते सांगायला लागले. इकडे ताटात भाताचा डोंगर तसाच. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी चिडून बोलले तर म्हणायचे, भातात कुठं साखर असते?

पोतं बंद झाल्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. एका लग्नासाठी त्यांनी नवे बूट घेतले. बूट दिवसभर अंगठ्याला घासत राहिला आणि त्यांना कळलंच नाही. धुवायला टाकलेल्या मोज्यावरचं रक्त आईला दिसलं, तोवर जखम आत गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, या आजारात पायाच्या शिरा मुक्या होतात, दुखलेलं मेंदूपर्यंत पोचत नाही. अंगठा गेला. साखर उतरली नाही तर पाऊलही जाईल, असं त्यांनी स्पष्ट बजावलं आणि कागदावर लिहून दिलं: भात बंद, रोज चालणं, ज्वारीची भाकरी. वरातीमागून घोडं. तो कागद फाडून फेकावा असं मला वाटलं.

वडील पलंगावर पाय उंच ठेवून पडले होते. ते भिंतीकडे बघत म्हणाले, भावाला सांग, एक पोतं आण म्हणावं. मी गावातल्या दुकानाच्या फोनवर निरोप ठेवला.

काकांना आणायला मी काचीगुड्याला गेले. ते गाडीतून उतरले, तर डोक्यावर पोतं नाही. हातात एक कापडी पिशवी होती. मी तिथेच ती उघडली. आत पाच किलो बारीक तांदूळ.

मी फलाटावर, लोकांदेखत त्यांच्यावर ओरडले. निरोप मिळाला नाही का, त्यांचा पाय चाललाय आणि तुम्ही तांदूळ घेऊन आलात? काका ओशाळून म्हणाले, आजाऱ्याला भातच नेतात ना, आणि घरात ज्वारी होती कुठं?

"जवारी बंद करून सात वर्सं झाली, बाई. काढायला माणूस भेटंना. आन् तूच म्हणालतीस, कबुतरंच खातेत. मग म्या सोयाबीन टाकलं."

घरी आता दोन्ही वेळा भातच असतो, असंही ते म्हणाले. पोराची मोटारसायकल आहे, त्यामुळे शेतात जाणं-येणं सोपं झालंय. त्यांनी हे चांगली बातमी सांगावी तसं सांगितलं.

रिक्षा चौकातून निघाली तेव्हा कबुतरांचा थवा उठला. मी रिक्षा थांबवली. धान्याच्या मोंढ्यात गेले असते तर चांगली ज्वारी मिळाली असती, पण तेवढं डोकं थाऱ्यावर नव्हतं. डबेवाल्याकडून पाच-सहा डबे ज्वारी पिशवीत भरून घेतली. त्यानं विचारलं, सगळी एकदम टाकणार का? मी म्हणाले, आम्ही खाणार. तो हसला. या खेपेला ते हसणं मला लागलं नाही.

घरी आल्यावर मी सूप घेऊन जमिनीवर बसले. ज्वारीत खडे, माती, पिसं, सगळंच होतं. आतून वडिलांनी विचारलं, पोतं आलं का? मी म्हणाले, आलं. काकांनी दारात चपला काढल्या, माझ्यासमोर भिंतीला टेकून बसले, पाय लांब केले आणि माझ्या हातातलं सूप स्वतःकडे ओढून खडे वेचायला लागले. हात अजून सराईत होते. कबुतरांच्या ज्वारीतही ते चांगला दाणा बघून बाजूला काढत होते.

त्यांचे तळवे माझ्यासमोर होते. डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला होता, खोल, भोवती पिवळा पू धरलेला. तसल्या पायानं ते स्टेशनवर चालले होते, दोन जिने चढले होते.

मी म्हणाले, "काका, काटा कधी मोडला?"

त्यांनी सुपातून मान वर केली.

"कुठला काटा?"