बारावं जनावर

निवृत्त कारकुनाकडे दोनच गोष्टी उरतात: वाकलेली मान आणि किस्से. मानेला तेल लावा म्हणून डॉक्टर सांगतात. किश्श्यांना काय लावायचं ते कोणी सांगत नाही, म्हणून ते वाढत जातात. सकाळी रंकाळ्यावर आम्ही चार म्हातारे बसतो. मी एक किस्सा काढला की दुसरा त्याचं शेपूट धरून येतो. मंडळी म्हणतात, "लिहून काढा." जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेलंच लिहून काढलं. हेही त्यातच धरा.

किस्से सगळे एकाच कचेरीतले. संस्थान विलीन झालं आणि वाड्यातल्या, शिकारखान्यातल्या, मुदपाकखान्यातल्या चीजवस्तूंची यादी करायला एक तात्पुरती कचेरी उघडली. तबेल्याशेजारची लांबट खोली, एकच दार, चार टेबलं. हेडक्लार्क अण्णा, हाताखाली मी, आणि वर पुण्याकडून आलेले साहेब. साहेब हुशार होते. कोल्हापुरात त्यांना तीनच गोष्टींचा त्रास व्हायचा: तिखट, ऊन आणि कोल्हापूरकर.

*

यादीला दोन रकाने होते, 'सजीव' आणि 'वस्तू'.

सजीवांमागचा माणूस तात्पुरता. हत्ती असेपर्यंत माहूत, घोडा असेपर्यंत मोतद्दार. जनावर गेलं की त्याच्या मागोमाग माणूसही गेला. वस्तूंमागचा माणूस मात्र कायम, कारण वस्तू मरत नाहीत. बारा वस्तूंमागं पुसायला एक माणूस, असा हुकूम. बाराच का, म्हणून मी विचारलं.

अण्णा म्हणाले, "हुकूम काढणाऱ्यानं जन्मात काही पुसलेलं नसणार!"

माणसांना स्वतंत्र रकाना नव्हता. ते साहेबांच्या उशिरा लक्षात आलं. मग त्यांनी माणसं शेऱ्यात बसवली.

*

पहिला आला हिंदुराव. हा साठमार. म्हणजे मैदानात मस्तवाल हत्तीला डिवचायचं, त्याच्यापुढं पळायचं आणि हत्ती अंगावर आला की बुरुजाच्या आड व्हायचं. राजेलोक वर बसून हा खेळ बघत.

साहेबांनी विचारलं, "कामाचं स्वरूप?"

"हत्तीपुढं पळायचं."

"कशासाठी?"

"मागनं हत्ती येतोय न्हवं?"

"आणि हत्ती नसेल तेव्हा?"

"तवा हुबा ऱ्हातो की!"

साहेबांनी शेरा मारला: 'काम नाही.'

हिंदुराव पुढं कसबा बावड्याकडं एका गुऱ्हाळावर लागला. तीस वर्षं हत्तीला सापडला नाही, आणि पहिल्याच हंगामात ऊस पिळायच्या चरकात त्याचा उजवा हात सापडला. बातमी आली तेव्हा अण्णा म्हणाले, "चरकापुढं पळायची सवय नव्हती त्याला." आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो. ते विसरायला मी बरेच प्रयत्न केले.

*

मुदपाकखान्यातून शंकर आला.

"आचारी?" साहेब म्हणाले.

"न्हाई जी."

"वाढपी?"

"न्हाई. म्हाराजांच्या आधी जेवायचं, ह्ये आपलं काम."

साहेबांना वाटलं, कोणी मानकरी असेल. ते अर्धे उठून उभे राहिले. अण्णांनी कानात सांगितलं, "विष आहे का ते बघायला ठेवलेला माणूस." साहेब पुन्हा बसले.

"आणि तुला काही झालं तर?"

"तर म्हाराज जेवत न्हाईत."

साहेबांनी लिहिलं: 'नव्या व्यवस्थेत जेवणाआधी जेवण्याची तरतूद नाही.'

पांढरा रस्सा असो, तांबडा असो, बारा वर्षं पहिला घोट शंकरचा. घरी बसला तरी सवय सुटेना. बायकोनं भाकरी थापली, झुणका केला, की पहिला घास शंकर खायचा आणि अर्धा तास डोळे मिटून स्वस्थ बसायचा. मग म्हणायचा, "हां, जेवा." तोवर पोरं ताटाकडं बघत बसायची. बायको शेजारणीला सांगायची, "अवो, मीच रांधलंय, मीच इख घालीन व्हय?"

पुढं घरात चाखण्यापुरतंच शिजायला लागलं. तेव्हा शंकरनं सवय मोडली.

*

वाड्याला चपला पुरवणारा मारुती. त्याच्या वाड्यातल्या चपला मुक्या असत, कारण थोरामोठ्यांसमोर नोकराच्या पायाचा आवाज होता कामा नये. साहेबांनी मात्र मुद्दाम करकरणारी जोडी मागितली.

"आपण आल्याचं लोकांना कळलं पाहिजे," ते म्हणाले.

मारुतीनं तळाच्या दोन थरांमध्ये काय घातलं कोण जाणे, साहेब चौकात असतानाच कचेरीत कर्र कर्र ऐकू यायचं. आमची मोठी सोय झाली. पान थुंकून, पेपर लपवून, टाक दौतीत बुडवायला पुरेसा वेळ मिळू लागला. बाहेर पायरीवर आपापल्या शेऱ्याची वाट बघत माणसं बसलेली असत. तीही आवाज ओळखायला शिकली. कर्र कर्र आलं की सगळी एकदम उभी राहायची. त्यांत मारुतीही असायचा.

एक दिवस त्याचाही शेरा निघाला: 'गिऱ्हाईक उरले नसल्याने अनावश्यक.' कागद त्याच्या हातात देताना साहेबांच्या पायात त्याचीच जोडी होती. मारुतीनं कागद खिशात घातला आणि खाली बघून म्हणाला, "डावी ढिली झालीया, सायेब. ठिवून जावा, उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं जोडी आणून दिली. आवाज पार बंद!

त्यानंतर साहेब कधी येऊन मागं उभे राहतात ते आम्हाला कळेनासं झालं. मारुतीनं सूड नेमका कोणावर उगवला, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही.

*

आता बाबालाल. हा चित्तेवान, म्हणजे शिकारीचे चित्ते पाळणारा, त्यांना शिकवणारा. एकेकाळी चित्त्याला गाडीवर बसवून माळावर न्यायचे आणि काळविटामागं सोडायचे. आमची कचेरी उघडली तेव्हा एकच चित्ता उरला होता. त्याचं नाव सोन्या. तो इतका म्हातारा की दात पडलेले. बाबालाल खिमा करून त्याला हातानं भरवायचा. चित्त्याच्या आवाराला लागूनच एक खोली होती, तीत बाबालाल, त्याची बायको आणि लग्नाची मुलगी राहायची. सोन्या गेला की नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर खोलीही.

त्याच सुमारास आम्ही दिवाणखान्यातली भुसा भरलेली जनावरं मोजली. वाघ, बिबटे, अस्वल, गवा, सगळी मिळून अकरा.

"अकरा," साहेब म्हणाले. "पुसायला माणूस बसत नाही."

अण्णांनी पेन्सिल कानावर ठेवली. "बारावं असतं तर?"

"तर एक माणूस कायम. पण महिनाअखेर यादी बंद व्हायच्या आत."

कोणी कोणाकडं बघितलं नाही. सगळ्यांच्या मनात बाबालालच आला होता.

*

त्या महिन्यात चित्त्याच्या प्रकृतीची जेवढी चौकशी झाली, तेवढी कोणा राजाचीही झाली नसेल.

"काय बाबालाल, सोन्या कसा आहे?"

"बरा हाय की. काल खिमा समदा खाल्ला."

"अरेरे!" हे माझ्या तोंडून निघून गेलं.

शेवटी अण्णांनी त्याला चहाला बसवून सरळच सांगितलं. अण्णा वाईट माणूस नव्हते, स्वतः तीन मुलींचे बाप होते.

"हे बघ, म्हातारं जनावर आहे. आज ना उद्या जायचंच. महिनाअखेरच्या आत गेलं तर भुसा भरून दिवाणखान्यात ठेवू. बारा होतील, तू जन्माचा कायम, खोली तुझीच. नंतर गेलं तर पोरीला घेऊन कुठं जाशील?"

"पर ते जात न्हाई की, अण्णा."

"अरे, चार दिवस खिमा नाही दिला तर..."

बाबालालनं कप खाली ठेवला. "मग त्याला रोज पुसायचं कुनी?"

"तूच. तेच तर सांगतोय."

बाबालाल उठून गेला. चहा तसाच राहिला. तो मी प्यायलो.

*

बाबालालचं पुढं काय झालं, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी विचारायला नको.

यादी बंद झाल्यावर दोन महिन्यांनी सोन्या मेला. आठवड्याच्या आत बाबालालला खोली सोडायला लागली. तो शिरोळकडं मेहुण्याच्या आसऱ्याला गेला आणि शेतात माळ्यावर बसून पाखरं हाकायला लागला. मुलीचं लग्न बिजवराशी झालं. सोन्यात भुसा भरला. दिवाणखान्यात बारा जनावरं झाली, पण पुसायला माणूस मिळाला नाही, कारण यादी बंद झालेली होती.

*

महिनाअखेरचा दिवस. दुपारचे चार. साडेपाचला यादी बंद, आणि तीत एकच नोंद बाकी.

"चित्त्याचं काय?" साहेबांनी विचारलं.

"बातमी येईलच एवढ्यात," अण्णा म्हणाले.

बाहेर पायरीवरची माणसं एकाएकी उठून भिंतीला चिकटली. दारातून बाबालाल आत आला. त्याच्या हातात दोरी होती आणि दोरीच्या टोकाला सोन्या. भर रस्त्यातून चालवत आणला होता. साहेब टेबलावर केव्हा चढले ते मी पाहिलं नाही, कारण तेव्हा मी कपाटावर चढत होतो.

"हे काय आहे?" साहेब ओरडले.

"सोन्या. तुमच्या हुकमात हाय न्हवं, समक्ष बघून मगच सजीव लिवायचं? बघा."

अण्णा खुर्चीवर उभ्या उभ्या दात खाऊन म्हणाले, "खुळा का काय तू? अजून दीड तास होता!"

"व्हय," बाबालाल म्हणाला. "म्हनून तर आनला."

साहेबांनी वरूनच फर्मावलं, "लिहा, लिहा! सजीव, एक!" मी कपाटावरून लिहिलं. शेऱ्यात लिहिलं: 'बाबालाल, तात्पुरता.' बाबालालनं हात वर करून अंगठा उठवला.

सोन्यानं खोलीत एक फेरी मारली, अण्णांचं टेबल हुंगलं, आणि परत जाऊन उंबऱ्यावर, उन्हाच्या पट्ट्यात आडवा झाला. झोपला. दार तेवढं एकच.

साडेपाचचा टोल पडला. कोणी हललं नाही.

"उठव त्याला," साहेब म्हणाले.

"लई चाललंय आज, सायेब. दमलंय."

सहा वाजले. ऊन उंबऱ्यावरून सरकून पायरीवर गेलं. बाबालाल शेजारी उकिडवा बसून होता, त्याचा हात सोन्याच्या बरगड्यांवर. साहेबांचा धीर सुटला. टेबलावरून ते ओरडले, "बाबालाल, अरे, आणखी किती वेळ चालायचं हे?"

बाबालालनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला की, सायेब. जित्तं हाय त्ये."