पिशवी काढण्याआधी

गोजरबाईच्या टोळीत बाईच्या पोटाच्या कुठल्याही दुखण्यावर एकच इलाज होता. अंगावरून जास्त जातंय? पिशवी काढा. कंबर मोडते, काम उरकत नाही? पिशवी काढा. ऊसतोडीला निघायचे दिवस जवळ आले की मुकादम आप्पासाहेब जीप लावून द्यायचा आणि चार-पाच बायका एकदमच तालुक्याच्या गावी जाऊन गर्भाशय काढून यायच्या. तोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातली बायको महिन्यातून चार दिवस आडवी पडली तर मुकादमाचा फड अडतो ना! कुणाच्या तरी सोयीसाठी बाईचं पोट रिकामं करायचं, आणि वर त्याला इलाज म्हणायचं. असली ही रीत.

गोजरबाईची पिशवी अशीच गेली, तिशीही गाठायच्या आधी. डॉक्टरनं पोटावरून मशीन फिरवलं आणि ‘ठेवलीस तर कॅन्सर होईल’ असं सांगून टाकलं. पदरात तेव्हा एक जया होती, आणखी एखादं लेकरू व्हावं असं मनात होतं. पण कॅन्सरचं नाव काढल्यावर कोण हूं की चूं करणार? अंगावरून जाणं बंद झालं. थकवा मात्र तसाच राहिला. सकाळी तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, वैशाखातसुद्धा अंगावर चादर. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकची फळी चढताना पाय उचलत नसत. “पिशवी काढली तरी हिचं बूड जडच,” असं टोळीतल्या बायका तोंडावर म्हणायच्या. ऐकून ऐकून गोजरबाईलाही वाटायला लागलं, की आपणच मुलखाच्या आळशी. माणूस आजारी असायचा आणि त्यालाच कामचुकार ठरवायचं, तेही इतकं की त्यानं स्वतःच ते मान्य करावं! याचा राग नाही यायचा तर कशाचा यायचा?

पुढे जयाचं लग्न झालं. नवरा सहादेव पलीकडच्या वस्तीवरचा, त्याच टोळीतला. पहिली मुलगी झाली. त्यानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा फडातच पोट पडलं. मग अंगावरून जाणं जे सुरू झालं ते थांबेना. यंदा आप्पासाहेबानं जीपमध्ये तिची जागा धरली. सहादेवानं मान डोलावली. आणि सगळ्यात जोरात ‘काढून टाक’ म्हणाली ती गोजरबाईच.

“आये, मला आजून येक लेकरू पायजे,” जया म्हणाली.

“लेकरू पायजे अन् जीव नको व्हय? मी काढली, मेले का मी?”

पण ऑपरेशनच्या दवाखान्यात जयाचं रक्त फारच कमी भरलं. ‘आधी सरकारी दवाखान्यातून रक्त वाढवून आणा, मग बघू,’ म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. त्या दवाखान्याच्या हातून तेवढं एक पुण्य घडलं, तेही नकळत.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर सुमेधा होत्या. त्यांनी पोटाला हात लावायच्या आधी भलतंच विचारायला सुरुवात केली. केस गळतात का? थंडी सोसत नाही का? शौचाला कडक होतं का? मग जयाला पाणी गिळायला लावून तिचा गळा चाचपला. “घरात कुणाला थायरॉईड आहे?”

“न्हाई बाई. आमच्यात कुनालाच न्हाई,” गोजरबाई म्हणाली.

तिचा आवाज ऐकून डॉक्टर तिच्याकडे बघत राहिल्या. “मावशी, तुमचंही रक्त देऊन जा.”

“माझं कशापायी? माझी कवाच काढलीया.”

“रक्त द्या मावशी,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी दुसऱ्या चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं.

जयाला लोहाची सलाईन सुरू झाली, पोटाची सोनोग्राफीही झाली. पुढच्या आठवड्यात रिपोर्टच्या दिवशीच आप्पासाहेबाची जीप दवाखान्याच्या फाटकाशी येऊन थांबायची होती. तिथूनच जयाला उचलून ऑपरेशनला न्यायचं, असं ठरलेलं.

“गळ्यात थायरॉईड नावाची एक ग्रंथी असते,” डॉक्टर सुमेधा रिपोर्ट समोर ठेवून सांगू लागल्या. “सगळ्या अंगाचं काम ती चालवते. ती मंदावली की मेंदू तिला हाका मारतो, त्या हाकेचं नाव टीएसएच. जयाचा मेंदू ओरडून ओरडून थकलाय, इतका तो आकडा वाढलाय. हे दुसरं, अँटिबॉडी. अँटिबॉडी म्हणजे शरीराचे राखणदार. रोगजंतू आला की त्याला धरायचं, हे त्यांचं काम. जयाचे राखणदार तिच्याच ग्रंथीला परकं समजून तिच्यावर तुटून पडलेत.”

“म्हंजी राखनीचं कुत्रंच घरच्याला चावाय लागलं,” गोजरबाई म्हणाली.

“अगदी तसं.”

“लागट हाय का?” सहादेवानं दारातून विचारलं.

“नाही. कुणाचं कुणाला लागत नाही. रक्ताच्या नात्यात मात्र हा आजार सापडतो.”

“मग ह्यो कुत्र्याचा आकडा खाली कवा येनार?” गोजरबाईनं विचारलं.

“त्याच्या मागे लागायचंच नाही. तो कशामुळे झालंय ते सांगतो, तेवढं कळलं की पुरे. ग्रंथीचं अडलेलं काम आता रोजच्या एका गोळीनं चालवायचं, आणि ती गोळी कमीजास्त करायची ती टीएसएच बघून. सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या आधी. या आजारानं अंगावरून जास्त जातं, पोटही पडू शकतं. जयाच्या पिशवीत मला काही खराबी दिसत नाही. गोळीनं फरक पडायला काही महिने लागतील, नाहीच पडला तर दुसरी औषधं आहेत. टीएसएच ताळ्यावर आला की लेकराचा विचार करा. आणि दिवस राहिले की लगेच मला येऊन भेट.”

जयानं पदर तोंडाशी धरला आणि ती रडू लागली.

डॉक्टरांनी दुसरा कागद उचलला. “मावशी, हा तुमचा. तुम्हालाही तेच आहे.”

गोजरबाई कागदाकडे नुसती पाहत राहिली. त्यातलं अक्षर तिला वाचता येत नव्हतं. “मंग माझी पिशवी...”

“तेव्हा काय होतं ते आज मला सांगता येणार नाही. पण कापायच्या आधी हे रक्त तपासायला हवं होतं, एवढं नक्की.”

गोजरबाई उठली आणि जयाचा दंड धरून बाहेर आली. फाटकाशी जीप उभी होती. आत तिघी बसलेल्या. आप्पासाहेब म्हणाला, “बस जया, चल. डाक्टर खोळंबलाय.”

“जया येनार न्हाई. तिचा आजार गळ्यात हाय, पोटात न्हाई.”

आप्पासाहेब हसला. “गळ्यातल्या आजारानं खालून रगत जातं व्हय? उगं येळ घालवू नको गोजरे. तुझी काढली तवा तुझं काय वाकडं झालं?”

आजवर या माणसापुढं तिनं मान वर केली नव्हती. आज केली. “काय वाकडं झालं? माझ्या पोटी जे यायचं हुतं ते आलंच न्हाई, आप्पा! पोरगं हुतं का पोरगी, मला ठावं न्हाई. लई वर्सं तुझ्या टोळीत आळशी म्हनून शिव्या खाल्ल्या, अन् आजारीच हुते मी! अन् तू मला इचारतोस काय वाकडं झालं?”

सहादेव खाली बघत जयाच्या बाजूला येऊन उभा राहिला. गोजरबाईनं जीपची दांडी धरली. “उतरा ग खाली. आधी रगत तपासा. पिशवी कुठं पळून चालली न्हाई. काढलेली मातर कुनी परत बसवीत न्हाई.”

तिघींत धाकटी अश्विनी. तिनं शेजारच्या दोघींकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं आणि ती खाली उतरली. बाकीच्या दोघी मान खाली घालून बसून राहिल्या. आप्पासाहेबानं जीप चालू करायला लावली. जीप निघाली, आणि गोजरबाई त्या दोघींची नावं घेऊन ओरडत, धापा टाकत, तिच्यामागं रस्त्यानं पळत सुटली.