बेहड्यावरचं घरटं

इंदुमतीला पक्ष्यांचा राग होता असं नाही. राग होता तो नवऱ्याच्या पक्ष्यांचा. अंबादासनं उमेदीची सगळी वर्षं फौजेत घालवली, बायकोकडे बघायला त्याला फुरसत नव्हती. सुभेदार म्हणून निवृत्त झाला, गुरुग्राममधल्या एका टोलेजंग सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून चिकटला, आणि साठीला टेकल्यावर बुवाला बदकं दिसायला लागली! दर रविवारी पहाटे उठून सुलतानपूरच्या तळ्यावर. डबा कोणी करायचा? इंदुमतीनं. थर्मास कोणी भरायचा? तिनंच.

बदकांत काय ठेवलं होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. सोसायटीच्या गेटवर तो 'गार्डजी' होता. गाड्यांच्या काचा चार बोटं खाली यायच्या आणि आतून हुकूम सुटायचा. पण त्याच सोसायटीतले राजवीरसाहेब, मोठ्या कंपनीतले, हातभर लांब लेन्सवाले, रविवारी तळ्यावर त्याला 'सूबेदार साहब' म्हणायचे. स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवायचे. तेवढ्यावर हा माणूस आठवडाभर हुरळलेला असायचा. बाकी पक्षीवाल्यांच्या त्या ग्रुपमध्ये त्याला कुत्रं विचारत नव्हतं, ती गोष्ट वेगळी. सगळ्यांकडे लडाखचे, अंदमानचे फोटो. ह्याच्याकडे मोबाईल आणि एक जुनी दुर्बीण.

म्हणून डिसेंबरात "तुझ्या माहेरी जाऊ या का, समुद्रावर?" असं त्यानं विचारलं तेव्हा तिच्या हातातलं लाटणं थांबलं. लग्नानंतरची प्रत्येक सुट्टी साताऱ्याला, सासरी गेलेली. माहेर हर्णैच्या अलीकडे, खाडीकाठी. तिथं ती जायची ती कोणाच्या लग्नाला नाहीतर दहाव्याला, तीही उभ्या उभ्या. आणि आता आठ दिवस! ती हरखून गेली. खरं कारण तिला ट्रेनमध्ये बसल्यावर कळलं. भावाच्या परसात बेहड्याच्या झाडावर समुद्रगरुडाचं घरटं आहे, हे ती कधीतरी बोलून गेली होती, ते ह्यानं बरोबर लक्षात ठेवलं होतं. जाऊ दे, म्हणाली ती. कारण काही का असेना, पाय तर तिकडे वळले.

तिचा भाऊ बळवंत आणि भावजय लतिका त्या गरुडांना घरचंच मानत. दर हिवाळ्यात तीच जोडी, तेच घरटं. मासा नाहीतर समुद्रसाप पायात धरून आणायची, खाली विहिरीपाशी काटे नि कातडी पडायची, आणि लतिका कुरकुरत ते झाडून काढायची. घरट्यात पिल्लू असलं की मात्र परसात हाकसुद्धा हळू मारायची. या खेपेलाही पिल्लू होतं. पहिल्याच दिवशी जेवताना बळवंतनं सांगितलं, "भावोजी, बघा मनसोक्त. फक्त कोणाला सांगू नका. पलीकडच्या गावात एकानं मोबाईलवर टाकलं, बघ्यांची रीघ लागली. पाखरं गेली ती गेलीच."

"फौजी आहे मी," अंबादास छाती काढून म्हणाला. "तोंडातून शब्द बाहेर जाणार नाही."

बळवंतनं तरी बहिणीकडे पाहिलं. "अरे, मी आहे ना," इंदुमती म्हणाली. "ह्यांच्या वतीनं माझा शब्द."

ते आठ दिवस सोन्यासारखे गेले, खोटं कशाला बोला. ओहोटीला नवराबायको किनाऱ्यावर जाऊन बसायची, ओल्या वाळूत तुरुतुरु पळणारे तुतवार पक्षी बघायची. एकदा त्यानं दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावून दिली, आणि नेमका तेव्हाच गरुड पाण्यावर झेपावला. "अगं बाई!" करून ती ओरडली आणि तो मनापासून हसला. हा माणूस असा हसतो हे तिला ठाऊकच नव्हतं. हे सुख आधी का नाही मिळालं, म्हणून तिला जरा रडूही आलं.

मार्चमध्ये ग्रुपनं सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये फोटोंचा कार्यक्रम ठेवला. 'फॅमिली के साथ आइए' असा निरोप. अंबादासनं कोट घातला, ज्या गेटवर रोज सलाम ठोकायचा त्याच गेटातून पाहुणा म्हणून आत गेला. इंदुमती दुसऱ्या रांगेत बसली. पडद्यावर हिमालयातले पक्षी, राजस्थानातले पक्षी, लोकांचं 'वाह वाह' चाललेलं. आणि मग पडदाभर गरुड आला. पंख पसरलेले, चोच उघडी. त्याच्या खाली विहीर, आणि विहिरीपलीकडच्या दोरीवर लतिकाची जांभळी साडी.

"ड्रोन से लिया है," राजवीर माइकवर सांगत होते. "जनवरी में हम लोग गए थे, तीन गाडियाँ लेकर. बैठी रही साहब, हिली ही नहीं! ड्रोन एकदम घोंसले के पास ले गए, तब जाकर उडी. और ये लोकेशन हमें दी किसने? हमारे सूबेदार साहब ने!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अंबादासला वर बोलावून शाल घातली, नवी कोरी दुर्बीण दिली. राखणदारीचा पगार खाणारा माणूस, आणि कुंपणानंच शेत खाल्लं! स्टेजवरून त्यानं बायकोला शोधलं, नजरानजर झाली, आणि त्यानं मान खाली घातली.

"कधी सांगितलंत?" घरात पाऊल ठेवताच तिनं विचारलं.

"परत येताना, ट्रेनमध्येच," तो पुटपुटला. "ग्रुपवर सगळे काही ना काही टाकत होते गं. मी एक लोकेशन पाठवलं. एवढं काय बिघडलं?"

"माझं बिघडलं! शब्द माझा होता! तुम्हाला गाव आहे, भावकी आहे. मला तेवढं एकच दार आहे."

"इंदू, स्टेजवर बोलावलं गं मला," तो म्हणाला. "गेटवरच्या माणसाला."

तिला त्याची कीवही आली आणि किळसही आली. तिनं तसाच फोन उचलला आणि भावाला लावला. तिनं गरुडाचं नाव काढलं.

"तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, ताई," तो म्हणाला. "जानेवारीत गाड्या आल्या होत्या. आम्ही दोघं दापोलीला बाजारात. परत आलो तर पिल्लू विहिरीपाशी मरून पडलेलं. जोडी दोन दिवस ओरडत फिरली, मग गेली. हे सगळं महेशचं काम."

महेश म्हणजे शेजारच्या घरातला, बळवंतचा लहानपणापासूनचा जिवलग. इंदुमतीला खाडीत पोहायला त्यानंच शिकवलं होतं.

"महेशनं?" तिनं विचारलं.

"पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात ना त्यानं. गिऱ्हाईक मिळावं म्हणून सांगितलं असणार. देवळात नारळावर हात ठेवून 'मी नाही' म्हणाला, पण मी नाही ऐकलं. त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेलो नाही. गावात आता कोणी त्याच्या ओटीवर बसत नाही." बळवंत जरा घुटमळला. "ताई, एकदाच विचारतो, रागावू नकोस. भावोजींकडून तर काही…?"

समोर अंबादास, गळ्यात शाल तशीच. त्यानं हात जोडले. पण इंदुमतीला तो दिसतच नव्हता. खरं सांगितलं तर बळवंत भांडणार नाही, एक शब्द बोलणार नाही. फक्त 'ये' म्हणायचा बंद होईल. मग मरेपर्यंत ह्या दोन खोल्या, हा माणूस आणि त्याचे डबे.

"छे रे," ती म्हणाली. "हे कशाला सांगतील?"

"तेच म्हणत होतो मी लतिकाला. म्हणजे महेशच."

"महेशच," इंदुमती म्हणाली. "मेल्याच्या पोटात पहिल्यापासूनच काही राहत नाही."