डक्टमधले तीन ठोके

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक काका राहायचे. जन्मापासून आंधळे. 'आंधळा म्हण, मला चालतं,' असं ते स्वतःच सांगायचे. 'दृष्टिहीन म्हटलं की वाटतं, आता कोणीतरी नारळ आणि शाल आणणार.' मूळचे सावंतवाडीकडचे, वडील गिरणीत. काकांनी आयुष्यभर एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली. काकी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगी बंगलोरला. पोळीभाजी करायला एक मावशी यायच्या, पण लॉकडाऊन लागला आणि त्यांचं येणं थांबलं. तेव्हापासून दोन वेळचा डबा आमच्याकडून जायला लागला. आमच्याकडून म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून. तिथे मी आणि माझी आई, दोघीच.

बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अलीकडे आमची बिल्डिंग. चार मजले, लिफ्ट नाही. मी अंधेरीला विम्याच्या ऑफिसात होते. आता डायनिंग टेबलवर लॅपटॉप मांडून तेच काम करत होते.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली रस्त्याच्या मधोमध काका उभे दिसले. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात पांढरी काठी. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे ते तीस वर्षं एकटे जात-येत होते. त्यामुळे मला आधी काही वेगळं वाटलं नाही. पण ते जागच्या जागी वळत होते. थोडं इकडे, थोडं तिकडे, मग परत मागे. समोरच्या गेटमधून दोन माणसं मास्क लावून ओरडत होती, 'काका, उजवीकडे. अहो, उजवीकडे.' पण कोणाची उजवी, ते सांगत नव्हती. पुढे कोणी येत नव्हतं.

मी खाली पळाले. हातात कपडे वर टाकायची बांबूची काठी तशीच राहिली होती. दोन पावलांवर थांबले आणि माझंही त्या माणसांसारखंच झालं. एरवी मी सरळ कोपर पुढे केलं असतं. त्या दिवसांत कोणाला हात लावायचीच भीती. आणि आईला दमा. शेवटी मी काठीचं दुसरं टोक त्यांच्या हाताला लावलं.

त्यांनी ते चाचपलं. 'ही कपड्यांची काठी ना?'

'हो.'

'बरी आहे,' म्हणाले. चार पावलं चालल्यावर ते एकदम गावच्या बोलीत शिरले. 'माका काय्येक समजणा नाय गो. रस्तोच गेलो.'

घरी पोचवून मी दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी नीट सांगितलं. हायवे डाव्या कानाला ठेवायचा, म्हणजे तोंड कोपऱ्याकडे. पिठाची गिरणी लागली की अर्धा रस्ता झाला. शिंप्याच्या मशीनचा आवाज आला की पायरी. रिक्षा स्टँडचा गलका आला की थांबायचं, तिथे दूधवाला. येताना हे सगळं उलट. 'आता हायवे बंद, गिरणी बंद, शिंपी गावाला, रिक्षा नाहीत. जाताना अंदाजाने गेलो. येताना काहीच हाताला लागेना. तुम्हा लोकांचे दिवे जातात ना, तसं झालं माझं.'

शहर शांत झालंय म्हणून तोपर्यंत मी खूश होते. ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलंही होतं, काय मस्त शांतता आहे यार. त्या सकाळनंतर मी तो शब्द वापरला नाही.

मी त्यांना म्हटलं, दूध मी आणत जाईन. तीन दिवस आणलं. चौथ्या दिवशी डबा द्यायला गेले तर काका इमारतीच्या पायरीवर बसलेले. मान किंचित कलती.

'काय करताय?'

'शिकतोय,' ते म्हणाले. 'नवीन रस्ता शिकायला नको? बस तिकडे. लांब बस. आणि गप्प बस.'

मी जिन्याच्या कठड्याला टेकून बसले, डोळे मिटले.

'डोळे मिटू नको. डोळे मिटलेस की तू घाबरतेस आणि मग तुला स्वतःचाच श्वास ऐकू येतो.'

मी डोळे उघडले. हे त्यांना कसं कळलं ते विचारायचं धाडस झालं नाही. बसून राहिले. आधी काहीच नाही. मग कावळा. मग कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. हळूहळू वरून टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा झाला. भिंतीपलीकडे सुकं पान सिमेंटवर घासत गेलं, तेही ऐकू आलं. आणि मग खूप लांबून, पार्कच्या बाजूने, मोर. मी जन्मापासून बोरिवलीत राहते. मोर पार्कात आहेत हे माहीत होतं. पण घराच्या पायरीवर बसून मी मोर कधी ऐकला नव्हता.

'हे रोजच असतं?'

'असणार. आपण आपला गोंगाट घेऊन त्याच्यावर बसलेलो होतो,' काका म्हणाले.

पंधरा दिवसांत ते पुन्हा एकटे दुधाला जाऊ लागले. मोकळ्या प्लॉटपाशी काठीचा आवाज पसरतो, भिंतीपाशी परत येतो, एवढं त्यांना पुरायचं. बंद शटरवर काठी टेकवून बघायचे आणि मोजायचे. मी गॅलरीतून पाहायचे. आई म्हणायची, 'अगं काम कर तुझं, ते पोचतात बरोबर.' पण माझ्याने तिथून हलवत नसे.

एप्रिल संपत आला होता. दुपारी तीनच्या सुमारास काकांचा फोन आला. 'जरा खाली ये. मागच्या बाजूला. चप्पल काढून ये, आवाज नको.'

बिल्डिंगच्या मागे एक अरुंद डक्ट आहे. सगळ्या बाथरूमच्या खिडक्या तिकडे उघडतात आणि नळाचे पाइप गच्चीवरच्या टाकीपासून खाली उतरतात. तिथे कोणी जात नाही, घाण असते. काका त्या घाणीत उभे होते आणि एका लोखंडी पाइपावर पंजा टेकवून ऐकत होते.

'टकटक आहे. सकाळपासून. माझ्या बाथरूममध्ये येते मधूनमधून. तीन ठोके, मग थांबते. परत तीन.'

'पाण्याचा दाब असेल काका. मोटर चालू झाली की पाइप वाजतात.'

'पाइप वाजतो तेव्हा मोजून वाजत नाही,' ते म्हणाले.

मी कान लावला. काहीच नाही. गार लोखंड फक्त. कोणाच्या तरी घरात मिक्सर फिरत होता. तो थांबला. आम्ही वाट पाहिली. पाच मिनिटं झाली असतील. मी मनात म्हणत होते, एकटा माणूस, इतके दिवस घरात, भास होत असतील. तेवढ्यात काकांनी बोट वर केलं. मला तरीही काही कळलं नाही. त्यांनी माझा हात धरून पाइपावर ठेवला. महिन्याभरात आईशिवाय मला कोणी लावलेला तो पहिला हात. आणि मग लागलं. ऐकू आलं नाही, तळव्याला लागलं. टक. टक. टक.

काकांनी आपली काठी उलटी केली आणि मुठीने पाइपावर चार ठोके दिले.

वर काहीच झालं नाही. मग बऱ्याच वेळाने, सावकाश, ठोके आले. मी मोजले. पाच.

काका माझ्याकडे वळले. मी तो चेहरा विसरणार नाही. 'माणूस आहे गो,' ते म्हणाले. 'मी चार दिले, त्याने पाच केले. शुद्धीवर आहे आणि डोकं चालतंय.'

आता कोणाच्या घरात, हे शोधायचं होतं. त्या पाइपावर आमची लाइन, म्हणजे पहिला ते चौथा मजला. मी आईला फोन केला आणि बाथरूमच्या नळावर चमच्याने ठोकायला सांगितलं. तिने ठोकलं. काका म्हणाले, 'हा जवळचा आहे. तो याच्या वरचा.' मग चौथ्या मजल्यावरच्यांना फोन केला. त्यांनी आधी चार प्रश्न विचारले, मग ठोकलं. 'हा त्याच्यापेक्षा लांबचा. मधला बघ.'

मधला म्हणजे तिसरा. तिथे बाई राहायच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, जिन्यात पोरं ओरडली की दार उघडून नुसत्या बघायच्या आणि पोरं गप्प. अर्धी बिल्डिंग त्यांच्या हाताखालून गेलेली. मी त्यांचा नंबर लावला. डक्टमध्ये उभं राहून वरच्या खोलीत वाजणारा फोन आम्हाला बारीक ऐकू येत होता. तो वाजून वाजून थांबला.

मी वर धावले. काका आले नाहीत. म्हणाले, 'मी इथेच उभा राहतो. तू जा.'

सेक्रेटरी पहिल्या मजल्यावरचे. ते मास्क सारखा करत बाहेर आले. दोन दिवसांपूर्वी बाईंना खोकला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच तर त्यांच्या दाराकडे कोणी फिरकलं नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, 'आधी पोलिसांना कळवू या. दार तोडलं आणि काही निघालं तर सगळी बिल्डिंग सील होईल. वाट लागेल सगळ्यांची.' वाईट माणूस नव्हता तो. घाबरला होता. मीही घाबरलेच होते.

'फोन करा तुम्ही पोलिसांना, पण दार आता तोडायचं,' मी म्हटलं. हे मी बोलले याचं मला अजून नवल वाटतं. सोसायटीच्या मीटिंगमध्येही मी कधी तोंड उघडत नाही.

वॉचमनने पहार आणली. सेक्रेटरींनी क्षणभर पाहिलं आणि मग त्यांनीच पहारेला हात लावला. तिसऱ्या घावाला कडी निघाली.

बाई बाथरूमच्या फरशीवर पडल्या होत्या. आदल्या दिवशी सकाळी पाय घसरला होता. ओरडून ओरडून घसा बसला होता, आणि खिडकी बंद. हातात स्टीलचा तांब्या. पाइपावर त्या तो आपटत होत्या. त्याची कड पार चेमटली होती. मला पाहून त्या पुटपुटल्या, 'हळू. पाय हलवू नको.' मग म्हणाल्या, 'पाणी. थोडंच.' आणि मी भांडं ओठांना लावलं तेव्हा पाइपातून खालून ठोके आले. काका अजून ठोकत होते. मी खिडकी उघडून खाली ओरडले, 'काका, सापडल्या. आहेत.' वाकून पाहिलं तर ते पाइपाला कपाळ टेकवून उभे होते.

अँब्युलन्स यायला संध्याकाळ झाली. खुब्याचं हाड मोडलं होतं. खोकला साधाच निघाला. ऑपरेशन झालं, मग त्या मुलुंडला भाचीकडे राहिल्या. आपल्या घरी परतल्या तेव्हा दिवाळी जवळ आली होती. वॉकर घेऊन, एकेक पायरी मोजत त्या तीन मजले चढल्या आणि दुसऱ्या दिवशी तसंच मोजत खाली उतरल्या, काकांकडे. मला आणि आईलाही बोलावलं होतं. दार उघडं ठेवून, खुर्च्या लांब लांब टाकून आम्ही बसलो.

बाई आभार वगैरे काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, 'रात्रभर मी तीन-तीन मारत होते. दुपारी चार ठोके आले तेव्हा मला वाटलं, पाइपाचाच काहीतरी आवाज असेल. पण प्रतिध्वनी असता तर तीनच आले असते. म्हणून पाच मारून पाहिले.'

'मी सहा दिले,' काका म्हणाले.

'हो. त्यानंतर मला भीती वाटली नाही. तुम्ही थांबला नाहीत. मी ठोकणं बंद केलं तरी तुमचं चालू होतं. किती वेळ ठोकत होता?'

'दार फुटल्याचा आवाज येईपर्यंत. मग जरा पुढेही.'

बाई थोडा वेळ वॉकरच्या दांड्यावर अंगठा फिरवत राहिल्या. मग वर्गात विचारतात तसं त्यांनी विचारलं, 'खरं सांगा. एरवीच्या दिवशी, सगळं चालू असताना, तुम्हाला ते ऐकू आलं असतं?'

आईने माझ्याकडे पाहिलं.

'नाही,' काका म्हणाले. 'खोटं कशाला बोलू? नसतं आलं.'

बाईंनी मान हलवली. उत्तर बरोबर आलं की त्या वर्गात तशीच हलवायच्या. मग त्यांनी पिशवीतून एक डबा काढला, भाचीने केलेल्या करंज्यांचा. झाकण उघडून डबा काकांच्या खुर्चीच्या दिशेने जमिनीवरून सरकवला. स्टील फरशीवर घासत गेलं. काकांनी वाकून, जराही न चाचपता, हात थेट डब्यावर ठेवला.