पसारा जसाच्या तसा

चित्रपट शिकवणाऱ्या एका कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर मावशी एकोणीस वर्षं केर काढतायत, फरशी पुसतायत, टेबलं झाडतायत; आणि इतक्या वर्षांत त्यांनी कधीही काही आवरलेलं नाही. हे वाचून कोणी नाक मुरडू नये. न आवरणं हेच त्यांचं कसब आहे, आणि ते त्यांना फुकट मिळालेलं नाही.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तेव्हाच्या एका सरांचं टेबल असं आवरलं होतं, की बघत राहावं. कागदांच्या कडा जुळलेल्या, पेनं पेल्यात उभी, पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. सर आले आणि डोकं धरून बसले. आपल्या पसाऱ्यात कुठे काय आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. आवरलेल्या टेबलावर मात्र त्यांना स्वतःचा चष्मा सापडेना. मावशींना जी बोलणी बसली, ती त्या आजही सांगत नाहीत. संध्याकाळी त्यांच्याबरोबरच्या म्हाताऱ्या बाईने त्यांना बाजूला घेतलं.

"अगं, आपण आवरायला येत नाही, पुसायला येतो. ज्याचा पसारा त्याला परत द्यायचा."

तेव्हापासून मावशींची पद्धत ठरली. डावीकडून सुरुवात करायची, एकेक वस्तू उचलायची, खालची धूळ टिपायची आणि वस्तू होती तशीच ठेवायची. कपाचा कान जिकडे होता तिकडे, पेन जितकं तिरकं तितकंच तिरकं. एकदा तर त्यांनी अर्धं खाल्लेलं बिस्किटही उचलून, पुसून, पुन्हा त्याच जागी ठेवलं होतं. कोणी येऊन गेलं असं वाटूच नये, फक्त धूळ तेवढी नाहीशी व्हावी. या गुणाचा घरी मावशींच्या मिस्टरांना भारी जाच. त्यांना गोड खायला बंदी आहे, आणि डब्याचं झाकण अर्ध्या बोटाने सरकलं तरी मावशींना कळतं. "बायको केली की चौकीदार नेमला!" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

आता कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीचं. चष्मा, दोन पेनं केसात खोचलेली, चालण्यात कायम घाई. मावशी तिला 'डायरेक्टरबाई' म्हणायच्या, आणि तिच्यावर त्यांचा जीव होता तो उगाच नाही. गेल्या वर्षी कॅमेऱ्याची एक महागडी लेन्स सापडेना, तेव्हा सगळ्यांच्या नजरा आधी कुठे वळल्या हे सांगायला नको. मावशींना ऑफिसात बोलावणं आलं. ही मुलगी कोणी न सांगता दारात जाऊन उभी राहिली. "मावशी पुसतात त्या खोलीतली टाचणीसुद्धा हलत नाही. लेन्स आमच्यातल्याच कोणाच्या तरी बॅगेत असेल, आमच्या बॅगा बघा," म्हणाली. लेन्स निघाली ती तिच्याच गटातल्या मुलाच्या बॅगेत, मोज्यात गुंडाळून ठेवलेली. तो ठेवून विसरला होता. त्या दिवसापासून मावशींच्या मनात होतं, की या पोरीच्या उपयोगी पडायची एक तरी संधी मिळावी.

ती मिळाली, पण पोर पार रडकुंडीला आल्यावर. वर्षाच्या शेवटी प्रत्येक गटाला थरारपटाची सुरुवात करायची होती, फक्त दोन मिनिटांची. आधी तिचा आराखडा कागदावर मंजूर करून घ्यायचा, मगच कॅमेरा हातात. मंजुरी देणारे सर म्हणजे मुलांचे 'कात्री सर'. दिसेल ते कापायचे, म्हणून हे नाव. डायरेक्टरबाईंचा पहिला आराखडा होता बोळातून पळणारा माणूस आणि सुरा, कापला. दुसरा होता मुखवटा आणि वाजत राहणारा फोन, तोही कापला. "रक्त दिसतंय, भीती कुठे दिसतेय?" एवढंच सर म्हणाले. तिसऱ्यांदा नकार आला की गट मोडणार, आणि ही मुलगी पुढचं वर्षभर दुसऱ्या कोणाच्या तरी फिल्मचे दिवे उचलणार.

दुपारी वर्ग सुटल्यावर ती रिकाम्या वर्गात कागद पसरून बसली होती. मावशी फरशी पुसत तिच्या पायांपर्यंत आल्या. तिने मुकाट्याने पाय वर घेतले.

"मावशी, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"मला? पालीची."

"तशी नाही हो. पोटात गोळा येतो तशी."

मावशी फडकं पिळता पिळता थांबल्या. मग त्यांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी टोकाच्या खोलीचं कुलूप उघडलं. आदल्या संध्याकाळी त्यांनीच ते लावलं होतं. आत सगळं जसंच्या तसं होतं, फक्त खुर्ची दाराकडे तोंड करून होती.

"म्हणजे?"

"म्हणजे कोणीतरी दाराकडे बघत बसलं होतं ना! बंद खोलीत! नंतर कळलं, मी गेल्यावर वायरमन चावी मागून दिवा बदलायला आला होता, खुर्चीवर चढला होता. पण ते कळेपर्यंत माझे हातपाय गार पडले होते. आणि कोणाला सांगणार? खुर्ची वळली म्हणून ओरडले असते तर वेड्यातच काढलं असतं मला."

मुलीने पाय खाली सोडले ते थेट ओल्या फरशीवर. मावशींनी तिला काही म्हटलं नाही. ती भराभर कागदावर चौकोन काढायला लागली होती.

चार दिवसांत आराखडा तयार झाला. बारा चौकोन, बारा चित्रं. एक सफाईवाली बाई कुलूप उघडते, टेबल पुसते, एक वस्तू चुकीच्या जागी दिसते, ती थबकते, हातातलं फडकं पडतं, ती वळून दाराकडे बघते. बस्स. सरांना नुसते चौकोन दाखवून भागणार नव्हतं, म्हणून मुलीने ठरवलं की करूनच दाखवायचं, तेही सरांच्याच खोलीत, सरांच्याच टेबलावर. आणि बाईचं काम मावशींनी करायचं. मावशी आधी हसल्या, मग घाबरल्या, मग हो म्हणाल्या. नाही म्हणणं त्यांना शक्यच नव्हतं.

तालीम मात्र भयंकर झाली. मावशी फडकं असं टाकायच्या, जणू त्यात विंचू निघाला. दाराकडे बघताना डोळे एवढे वटारायच्या, की गटात कॅमेऱ्याचं काम असलेला उंच मुलगा तोंड फिरवून हसायचा. शेवटी मुलगी म्हणाली, "मावशी, मी एक वस्तू हलवून ठेवीन. कोणती ते सांगणार नाही. तुम्ही नेहमीसारखं पुसा. ती दिसली की थांबा. एवढंच."

"दिसेलच मला. एकोणीस वर्षं काय झोपा काढल्या?"

ठरल्या वेळी सर भिंतीला टेकून उभे राहिले. उंच मुलाने कॅमेऱ्याऐवजी हाताचा चौकोन डोळ्यांसमोर धरला. मावशी आत आल्या आणि डावीकडून सुरुवात केली. घड्याळ उचललं, पुसलं, ठेवलं. चष्म्याची पेटी, तीच गत. मग सरांचा निळा कप. मुलीने तोच टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेला होता. मावशींनी कप उचलला, खाली पुसलं, हात लांब करून कप रोजच्या जागी नेऊन ठेवला, कानसुद्धा भिंतीकडे वळवला. आणि त्या पुढच्या वस्तूकडे वळल्या.

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. मावशींच्या हाताला कळलं होतं, डोक्याला कळलं नव्हतं. मावशींनी दोन वह्या पुसल्या, पेपरवेटला हात घातला, आणि मग त्यांचा हात हवेतच राहिला. त्यांनी हळूच मान वळवून कपाकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. पोरीचं सगळं वर्ष आपण आपल्या हाताने पुसून टाकलं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"अगं बाई! कप ठेवला मी जागेवर! सर, तिची काही चूक नाही हो, मीच..."

"थांबा," सर म्हणाले. कात्री सरांनी 'काढून टाका' ऐवजी 'थांबा' म्हणणं मुलांनी कधी ऐकलं नव्हतं. "मावशी, हेच पुन्हा करा. असंच."

"पण सर, चुकलं ना माझं!"

"तेच तर! कोणीतरी इथे येऊन गेल्याचा एकमेव पुरावा, तो या बाईने स्वतःच्या हाताने पुसला. सवयीने. आणि दोन वह्यांनंतर तिला ते कळलं. आता ती कोणाला सांगणार? कोण विश्वास ठेवणार? मधल्या त्या दोन वह्यांत माझ्या अंगावर काटा आला." ते मुलीकडे वळले. "फडकं नको. दाराकडे बघणं नको. एवढं कापा, बाकी मंजूर."

मुलगी मावशींच्या गळ्यात पडली, ओल्या फडक्यासकट. मावशींना रडूच आलं. आपल्या चुकीने कोणाचं भलं झालं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ज्या पोरीने आपली लाज राखली तिला आपण काहीतरी देऊ शकलो, याने त्यांचं मन भरून आलं होतं.

सर मात्र टेबलाकडे बघत उभे होते. "माझा कप कुठे असतो हे मला सांगता आलं नसतं," ते म्हणाले. "तुम्हाला माझं आणखी काय काय माहीत आहे, मावशी?"

हे त्यांनी गमतीत विचारलं होतं. मावशींनी डोळे पुसले, एकदा मुलांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"महिना झाला, तुमचं पेन डाव्या बाजूला असतं. फाइली वरच्या फळीवर जात नाहीत, खालीच राहतात. उजवा हात वर होत नाही का, सर?"

सरांनी उजवा खांदा हलवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"घरीसुद्धा कोणाला कळलेलं नाही," ते म्हणाले.

"दाखवून घ्या. अंगावर काढू नका."

मुलीने मंजुरीचा कागद पुढे केला. सरांनी पेन उचललं, डाव्या हातात धरलं आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या देखत त्याच हाताने सही केली. लहान मुलाने पाटीवर गिरवावी तशी वेडीवाकडी.

"उद्याच दाखवतो," ते मावशींना म्हणाले. "बरं झालं कोणीतरी विचारलं."