एका एलईडीसाठी आक्काचं सर्किट

आमची आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, मिक्सर-रेडिओ दुरुस्त करते. शाळा आठवीपर्यंतच झाली, पण बिघडलेलं यंत्र तिच्यापुढे फार वेळ नखरे करत नाही.

दवाखान्यातली नर्सबाई एकदा दुकानात आली. "आक्का, वीज गेली की मोबाइलच्या उजेडात टाके घालावे लागतात गं. गाडीच्या बॅटरीवर चालणारा दिवा करून दे."

आक्काने दोन एलईडी मागवले. दाणा नखाएवढा, पण उजेड असा की समोरच्याने डोळे मिटावेत. त्याला लागतात जेमतेम तीन व्होल्ट आणि बॅटरी देते बारा. मध्ये नुसता रेझिस्टर टाकला तर पाऊण वीज तापण्यातच जाते.

"ती शेगडी झाली, दिवा नव्हे," आक्का म्हणाली.

मग तिने दुसरीच वाट धरली. ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद करायचा. चालू असताना कॉइलने वीज साठवायची, बंद झाला की सोडायची. दाण्याला करंट मात्र एकसारखा. कॉइलची तार तिने स्वतः गुंडाळली. दोन ट्रान्झिस्टर धूर सोडून गेले, तिसरा टिकला. दिवा लागला.

आक्काचे यजमान, आमचे दाजी, कौतुकाने पुढे सरसावले. बटण चालू ठेवूनच त्यांनी दिव्याची पिन सर्किटमधून काढली अन् परत खोचली. भक्क! दाणा काळाठिक्कर.

"मी काय केलं? काढली अन् लावली."

"दाजी, तुमचे हात बांधून ठेवले पाहिजेत," मी म्हणालो.

"त्यांना कशाला बोलतोस?" आक्का माझ्यावरच उखडली. "दवाखान्यात समोर रक्त वाहत असताना कोण बघणार, आधी बटण की आधी पिन? चूक माझ्या सर्किटची."

पिन निघाली की सर्किट करंट ढकलायला धडपडतं, दिव्याशेजारचा वीज साठवणारा कपॅसिटर बारा व्होल्टपर्यंत फुगतो आणि पिन लागताच सगळं दाण्यावर ओततो.

"बाहेर चिठ्ठी चिकटव ना, आधी पिन, मग बटण," दाजी म्हणाले.

"चिठ्ठीच वाचायची तर मी कशाला खपतेय?"

चार दिवस ती टेबलावरून हलली नाही. कपॅसिटर छोटा केला. पिन निघाली तरी व्होल्टेज साडेतीनच्या वर चढणार नाही, असा पहारा बसवला. आता दाणा एकच उरला होता.

नर्सबाई आली तेव्हा आक्काने बटण चालू केलं आणि पिन तिच्या हातात दिली. "लाव."

"अगं, हा शेवटचा ना? जळला तर?"

"तर परत चूक माझी. लाव म्हणते ना."

लावली. लागला. काढली, लावली, हलवून, तिरकी करून, वीसेक वेळा. दाणा जसाच्या तसा! नर्सबाई दिवा काखेत मारून सरळ दवाखान्यात गेली आणि त्याच आठवड्यात एका गवंड्याच्या तळहाताला त्या उजेडात सात टाके पडले.

मी तिच्यापेक्षा जास्त शिकलो, पण माझ्या हातून असं काही झालं नाही. ती माझी सख्खी बहीण आहे, एवढं मात्र मी भेटेल त्याला सांगत सुटलोय.