बाजारातून जमवलेला चेहरा

"थांबा, तुमी आजून आला न्हाईत."

समोर स्टुलावर बसलेल्या माणसाला तो असं सांगायचा. माणूस नवा सदरा घालून, केसांना तेल चोपडून कधीचा बसलेला असायचा. "बसलोय की वो!" म्हणायचा. कॅमेऱ्यामागचं डोकं हलायचं. "सदरा आलाय. तुमी न्हाईत." माणूस हसायचा नाहीतर वैतागायचा, आणि नेमका तेव्हाच खटका पडायचा. "आत्ता आलाव."

आमच्या राजेश्वर गावात त्याला सगळे बंगालीच म्हणत. सिंधनूरकडे बंगाली निर्वासितांचे कॅम्प आहेत, तिथून तो आला आणि माझ्या काचचौकटीच्या दुकानाला लागूनच त्यानं स्टुडिओ थाटला. गावातली पोरं तेव्हा पुण्या-हैदराबादला कामाला जायला लागली होती. पोरगं जायचं, घरात फोटो राहायचा. फोटो त्यानं काढायचा, चौकट मी करायची. त्याच्यामुळे माझा धंदा वाढला हे खरं, आणि तो मला बघवत नव्हता हेही खरं. तुम्हीच सांगा, मी इथंच जन्मलो, वाढलो, आणि बायका मला "ओ चौकटवाले" म्हणून हाक मारणार. हा कालचा आलेला. कानडी माणसाशी कानडी, मुसलमानांशी दखनी, आमच्याशी आमची मराठी बोलतो, तर याला घरोघरचे गरम धपाटे!

आता माझ्या वडिलांचं सांगतो. ते मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. मी रांगत होतो तेव्हाच तिकडे रानात तापानं गेले. त्यांचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. एकदा माय दुकानात आली, भिंतीला टेकवलेले हारवाले म्हातारे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "साऱ्या गावाच्या म्हाताऱ्याला चौकट करायलास. आपल्या भितीवर कोन हाय?"

शेजारून बंगाली म्हणाला, "माय, तुमी सांगा कसं होतं ते. मी करतो."

माझ्या मायला हा माय म्हणणार!

त्याची रीत अशी. बाजारच्या दिवशी त्यानं मायला स्टुडिओच्या पायरीवर बसवलं. समोरून माणसं जातील, ज्याचं जे वडिलांसारखं असेल ते तिनं दाखवायचं. तो त्या माणसाला आत बोलावून फोटो काढणार. मग तुकडे कापून चिकटवायचे, सांधे ब्रशानं भरायचे आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो. परक्या पुरुषाकडे मान वर करून न बघणारी माझी माय त्या दिवशी अख्खा बाजार निरखत बसली होती.

"नाक त्येचं," ती म्हणाली. तो तेली निघाला. मिशी एका हमालाची पसंत पडली. कान मात्र गुलबर्ग्याहून तूर घ्यायला आलेल्या अडत्याचे. तो अडून बसला. "कान देतो, पर वापस कवा करनार?" पायरीवर ही हसाहस.

मी त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आलो होतो. काही ना काही निमित्त काढून मायच्या समोरून जात होतो, येत होतो. कपाळ म्हणा, हनुवटी म्हणा, काहीतरी माझं घेईलच की. शेवटी ती म्हणाली, "जरा मधून सरक बाबा, मानसं दिसंनात."

बाजार उठायला आला तरी डोळे मिळेनात. बंगालीनं वाकून तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तिनं वर बघितलं आणि पाणी प्यायची राहिली.

"डोळं ह्या लेकराचं घ्या."

तो स्वतःच स्टुलावर जाऊन बसला. कॅमेऱ्यामागे उभं राहायला उरलो मी. जळफळाट नुसता. म्हटलं, "थांबा, तुमी आजून आला न्हाईत." तो खो खो हसला. मी मुद्दाम ताटकळत ठेवला. हसणं ओसरलं, तेव्हा त्याचे डोळे नुसतेच माझ्याकडे बघत राहिले. मी खटका दाबला.

फोटो तयार झाला. फेटा, खांद्यावर घोंगडं, भोवती माझी चौकट. मायनं तो बघितला आणि झटकन डोक्यावर पदर ओढला. "ह्येच," म्हणाली.

तेव्हापासून बंगाली घरी आला की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. माझ्या वयाचा माणूस तो! शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. चुलीवरची पहिली भाकरी त्याच्या ताटात पडायची. मी विचारलंच एकदा, "माय, माजं कायबी घेतलं न्हाईस. कामून?"

"तू माज्यावर गेलास की रं," ती म्हणाली आणि पुन्हा डाळ पाखडायला लागली.

दाढी करताना मी आरशात वडील शोधायचो. सापडायची ती माय. वडिलांची मला मुळीच आठवण नाही, त्यामुळे स्वप्नात ते येतात तेही बंगालीचे डोळे घेऊन. स्वप्नावरही जळायचं म्हणजे हद्द झाली. मी जळलो.

पुढे ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला, स्टुडिओ ओस पडला. तिकडे सिंधनूरच्या कॅम्पात त्याची आईही थकली होती. सामान बांधून झाल्यावर तो म्हणाला, "अण्णा, जरा बसा."

"कामून?"

"माजा बाप वाटंतल्या कॅम्पात मेला. मी अंगावर पीत होतो. फोटो न्हाई. आमची माय सांगते, कपाळ मोठं, एक भुवई कायम वर, आन् कुनीतरी ताटातलं उचलून नेल्यागत तोंड." तो हसला. "लई बाजार बघितलं अण्णा. सगळं तुमच्यातच हाय. तुकडं करायला नको."

मला वाटलं, चेष्टा करतोय. तरी बसलो. थांबा वगैरे तो काही म्हणाला नाही. बसल्या बसल्या खटका पडला.

काही वर्षांनी त्याच्या पुतण्याचा फोन आला. काका गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही, तुमच्याकडे आहे का? जन्मभर कॅमेऱ्याच्या मागेच उभा राहिलेला माणूस, त्याचा फोटो कोण काढणार? एक होता, मी चिडून काढलेला. त्याची जास्तीची प्रत माझ्याकडे राहिली होती. मायनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. मी सागवानी चौकट केली, इतकी चांगली मी कुणालाच केली नव्हती, आणि ती घेऊन सिंधनूरची गाडी धरली.

कॅम्पातलं घर लहान, सारवलेलं. पुतण्यानं खिळा दाखवला. त्या खिळ्याशेजारी मी होतो. खांद्यावर त्यानं ब्रशानं रंगवलेली पांढरी शाल, गळ्यात हार, कपाळावर रोजच्या चंदनाचे थर, एक भुवई वर. मी त्याला माझ्या शेजारी टांगला.

मागे काठीचा आवाज झाला. त्याची म्हातारी आई दारातून आत येत होती. मी वळलो. तिनं माझ्याकडे बघितलं, काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर पदर ओढून घेतला.